पूल नंबर सातची चार मिनिटं

गाडी थांबली. मी घड्याळ पाहिलं. दहा एकोणतीस.

मागच्या रविवारीही दहा एकोणतीसलाच थांबली होती. त्याच्या मागच्या रविवारी दहा एकतीसला, पण त्या दिवशी सालेबर्डी स्टेशनात एक आजोबा बकरीसकट चढायच्या हट्टाला पेटले होते आणि आम्ही सुटलोच दोन मिनिटं उशिरा. बकरी वजा केली तर तेही दहा एकोणतीसच. मी गार्डच्या डब्यातून बाहेर वाकलो. पुढे तीन डबे, मग वळण, वळणाच्या दोन्ही अंगांना फोडलेला खडक आणि वर सागाचं जंगल. इंजिन वळणापलीकडे. दिसत होता तो फक्त धूर, आणि तोही सरळ वर जाणारा, आपल्याला काही लपवायचं नाही असं दाखवणारा. मला तो धूरच संशयास्पद वाटला.

चार मिनिटांनी शिटी झाली आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगानं सरकू लागली. मी जर्नलात लिहिलं: 'चौथ्या किलोमीटरजवळ थांबा. चार मिनिटं. कारण अज्ञात.' 'अज्ञात'खाली दोन रेघा ओढल्या.

ही गोष्ट २०१२ सालची. तीस वर्षं एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करून मी निवृत्त झालो होतो आणि घरात टिंगल करायला बायकोशिवाय कोणी उरलं नव्हतं. तिनंच मला सालेबर्डीला पाठवलं. तिथं अडीच फुटी रुळांची एक जुनी लाईन होती, सालेबर्डी लाईट रेल्वे नावाच्या कंपनीची. कंपनी अठ्ठ्याण्णव साली बुडाली. अकरा वर्षांनी काही हौशी लोकांनी मंडळ काढून तिचा नऊ किलोमीटरचा तुकडा साफ केला, 'मैना' नावाचं एक वाफेचं इंजिन जिवंत केलं आणि दिवाळी ते होळी दर रविवारी एक फेरी सुरू केली. सगळे बिनपगारी. मला शिटी, दोन झेंडे आणि गार्डची टोपी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या इशाऱ्यावर काहीतरी हलत होतं.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर विराग देवपुजारी हे दातांचे डॉक्टर. बॉयलरच्या नळ्या ते आत आरसा घालून तपासत. ड्रायव्हर मात्र अस्सल होता. झनकलाल टेंभरे, वय एकाहत्तर, जुन्या कंपनीत सत्तावीस वर्षं मैनाच चालवलेली. कमी बोलायचा. रोज दाढी करायचा, पण रविवारी दोनदा.

माझ्या जर्नलात जी चार मिनिटं होती ती झनकलालच्या जर्नलात नव्हती. त्याच्या वहीत दर रविवारी एकच शेरा: 'गाडी वेळेवर.' शिवाय हिशेबापेक्षा कोळसा जास्त जळत होता. आता बघा, एक माणूस जंगलात, वळणाआड, दर रविवारी चार मिनिटं थांबतो, वहीत खोटं लिहितो आणि इकडे कोळसा हिशेबाला कमी पडतो. तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो.

झनकलालला सरळ विचारता आलं असतं. पण संशयी माणूस विचारत नसतो, तो टिपतो. मी सात रविवार टिपत राहिलो. येतानाही गाडी तिथंच थांबायची, फक्त पलीकडच्या बाजूला, बांबूच्या बेटाआड. तेही टिपलं. स्टेशनात त्याच्याशी हसून बोलायचो, त्याच्या नातवाची चौकशी करायचो आणि बोलता बोलता त्याच्या पिशवीत डोकावायचो. पिशवीत दाढीचं सामान असायचं.

आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं. त्यांच्या हातात परवाना देणाऱ्या खात्याचं पत्र होतं. दोन्ही जर्नलांच्या प्रती दर महिन्याला खात्याकडे जात असत, हे मला माहीत होतं. तिथं कोणी त्या वाचतं, हे मात्र नव्हतं. खात्यानं विचारलं होतं की गार्डच्या वहीतला चार मिनिटांचा थांबा ड्रायव्हरच्या वहीत का नाही, आणि मंजूर नसलेल्या जागी गाडी का थांबते. येत्या एकोणीस तारखेच्या रविवारी अधिकारी स्वतः प्रवास करतील. खुलासा पटला नाही तर परवान्याचं नूतनीकरण होणार नाही आणि इंजिन जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या चौकात, कारंज्याशेजारी, शोभेसाठी ठेवण्यात येईल.

"कारंज्याशेजारी," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे वर्षभरात गंज. झनकलालला काय सांगायचं?"

"झनकलालनंच आपल्याला काय ते सांगायला हवं," मी म्हणालो आणि माझ्या वहीतली सातही पानं त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी ती एकेक करून उलटली. शेवटी म्हणाले की खात्रीशिवाय सत्तावीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसावर बोट ठेवायचं नाही. मी खात्री आणून देतो म्हटलं.

पुढच्या रविवारी दहा एकोणतीसला मी नियम मोडला. गार्डनं डबा सोडायचा नसतो. मी उतरलो, खडकाला चिकटून पुढे गेलो आणि वळणावरून मान काढली.

इंजिन पुलाच्या अलीकडे उभं होतं. पूल नंबर सात, वाघडोह नाल्यावरचा, दगडी कमानींचा. रुळाशेजारी खाकी कोट घातलेला एक म्हातारा होता. त्यानं वर एक वही धरली. झनकलालनं इंजिनातून वाकून वहीत काहीतरी लिहिलं आणि एक चकचकीत डबा खाली दिला. म्हाताऱ्यानं डबा कोटात घातला आणि पुलाच्या कडेनं झाडीत उतरून दिसेनासा झाला. शिटी झाली. मी पळत जाऊन चालत्या डब्यात चढलो आणि त्या वयात फार दिवसांनी मला आनंद झाला.

मोहटोल्याला, म्हणजे शेवटच्या स्टेशनात, झनकलाल इंजिनाला तेल घालत होता. मी गेलो.

"तो माणूस कोण?"

"कोनता?"

"पुलावरचा. खाकी कोटवाला."

"सोमा उईके," तो तेलाची धार न तोडता म्हणाला. "फ्लॅगमन. काऊन जी?"

आणि मग एकेक करून माझी सातही पानं रद्दी होत गेली. सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये पूल नंबर सातच्या खांबाला तडा दिसला. कंपनीच्या इंजिनियरनं सावधगिरीचा हुकूम काढला. गाडीनं पुलाआधी पूर्ण थांबायचं, फ्लॅगमनच्या वहीत ड्रायव्हरनं सही करायची आणि मग पायी चालीनं पूल ओलांडायचा. फ्लॅगमन सोमा. वर्षभरात कंपनी बुडाली, कागद कुठच्या कुठे गेले, पण हुकूम कोणी मागे घेतला नाही. दोन हजार नऊ साली मैनाची शिटी पुन्हा ऐकू आली तेव्हा सोमानं आढ्याला खोचलेला लाल झेंडा काढला आणि पुलावर येऊन उभा राहिला. पगार नाही, नेमणूक नाही. झनकलाल थांबला, सही केली, पुढे गेला. तीन वर्षं हेच चाललं होतं. डब्यात चहा असायचा, भट्टीच्या झाकणावर गरम केलेला.

"आणि जर्नलात वेळेवर कसं?"

"हुकमाच्या थांब्याचे चार मिनिट गाडीले माफ असते. मंग वेळेवरच झाली ना गाडी."

"कोळसा?"

"दर रविवारी थंड्या इंजिनाले पेटवा लागते साहेब. त्याचा हिशेब कोनी धरला का?"

"हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं का नाही?"

त्यानं तेलाचं भांडं खाली ठेवलं. "तुमी इचारलं कुठी?"

फायरमनला माहीत होतं. पहिल्या डब्यातल्या प्रवाशांना माहीत होतं. त्यांच्याकडे तर सोमाचे फोटोही होते, त्यांना तो मंडळानं ठेवलेला देखावा वाटायचा. अख्ख्या गाडीत माहीत नव्हतं ते फक्त टिपणं ठेवणाऱ्याला.

पण पेच सुटला नव्हता, उलट वाढला होता. डॉक्टरांना सगळं सांगितल्यावर ते खुर्चीत मागे रेलले, पेशंट रेलतात तसे. खात्याला खरं कळवावं तर पुलावर जुना हुकूम लागू आहे असं लेखी कबूल करावं लागणार. मग पुलाची तपासणी होईपर्यंत लाईन बंद, तपासणीला दोन-चार वर्षं, तोवर मैना कारंज्याशेजारी. त्यांच्या ओळखीच्या एका इंजिनियरनं पूल लांबून पाहून मजबूत आहे म्हणून सांगितलं होतं. पंधरा वर्षांत काही झालं नव्हतं.

"हुकूम मागे घेतल्याचा एक कागद असता," डॉक्टर छताकडे पाहत म्हणाले, "तर प्रश्नच नव्हता."

तीस वर्षं माझ्या सदरात मी सरकारी पत्रांच्या नकला छापल्या होत्या. त्यातल्या दोन नकलांना खऱ्या कचेऱ्यांमधून उत्तरंही आली होती. सालेबर्डी स्टेशनच्या कपाटात कंपनीचे कोरे छापील कागद होते, आणि जुना टाईपरायटर होता ज्याचं एक अक्षर थोडं वर उमटायचं. दोन संध्याकाळी लागल्या. 'विषय: पूल क्र. ७ वरील निर्बंध उठविण्याबाबत.' तारीख मार्च अठ्ठ्याण्णवची. कागद चहाच्या पाण्यातून काढून वाळवला. खाली सही इतकी अवाचनीय केली की खरीच वाटावी. निवृत्तीनंतर एवढं चांगलं माझ्या हातून काही लिहून झालं नव्हतं.

डॉक्टरांना एक प्रत दिली. जुन्या कागदांत सापडली म्हणून सांगितलं. त्यांनी कुठल्या कागदांत हे विचारलं नाही.

झनकलालनं आपली प्रत दोनदा वाचली. "सोमाले भेटली का?"

"आज देतो."

"तो मानते त मी मानतो," तो म्हणाला. मग इंजिनाकडे बघत, "बरं झालं म्हना. म्हातारा थंडीत खालते उभा राह्यते."

सोमाची झोपडी पुलापासून अर्ध्या मैलावर होती, तीन घरांच्या टोल्यात. तिथं रस्ता जात नाही, टपाल जात नाही. तो अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. सत्तरीचा, काटक. कंपनीच्या कोटाला पितळेचं एकच बटण उरलेलं, पण ते घासलेलं. मी कागद दिला. त्यानं हात धोतराला पुसून घेतला. वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. मग उठून उन्हात गेला आणि कागद सूर्याकडे धरून आरपार पाहिला.

"हे तुमी आनलं?"

"हो. कंपनीचं आहे. जुनं. आता तुम्हाला यायला नको."

"बरं," तो म्हणाला. कागदाची घडी करून कोटात ठेवली आणि पुन्हा दोर वळायला बसला.

मी पोचपावतीवर सही मागितली. तो म्हणाला, ठेवा, मंग करतो. मला दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याच्या जेवणाची व्यवस्था बघायची होती. झनकलालला मी जाता जाता सांगितलं, सोमाला मिळालं. ते खोटं नव्हतं.

एकोणीस तारखेला तपासणीला आल्या त्या बेहेरे मॅडम. वय पस्तीसच्या आसपास, पायात जाड बूट, गळ्यात थांबघड्याळ. त्या माझ्याबरोबर गार्डच्या डब्यातच बसल्या. त्यांनी माझं जर्नल मागितलं आणि वाचत राहिल्या. मला फार अस्वस्थ वाटलं. वाचकाच्या शेजारी बसायची मला सवय नव्हती.

"'अज्ञात'खाली दोन रेघा आहेत," त्या म्हणाल्या.

"आता ज्ञात झालंय मॅडम. जुना गैरसमज होता. आता गाडी तिथं थांबत नाही."

गाडीत बेचाळीस प्रवासी होते. सुटली ठरल्या मिनिटाला. झनकलालनं चौथ्या किलोमीटरपर्यंत अशी सुंदर आणली की मी मनातल्या मनात आभाराचं भाषण जुळवू लागलो. वळण आलं. खडक दोन्ही बाजूंनी सरकू लागला.

मग ब्रेक लागले. हळूहळू नाही, कचकन. माझी टोपी मॅडमच्या मांडीवर पडली.

त्यांनी थांबघड्याळ दाबलं आणि मनगटाकडे पाहिलं. "दहा एकोणतीस. आता का थांबलो?"

मी म्हणालो की मला कल्पना नाही, आणि महिन्यात पहिल्यांदाच खरं बोललो.

त्या उतरल्या. मी मागून. वळणापलीकडे सोमा उभा होता, पण नेहमीसारखा रुळाशेजारी नाही. दोन रुळांच्या मधोमध, इंजिनाच्या तोंडासमोर, लाल झेंडा दोन्ही हातांनी पसरून. इंजिन त्याच्यापासून हातभर अंतरावर फुसफुसत होतं. झनकलाल खाली उतरला होता आणि त्याचा चेहरा दाढी केलेला असूनही राखेसारखा दिसत होता.

मॅडमनी विचारलं, तू कोण. सोमानं सलाम केला. "फ्लॅगमन, पूल नंबर सात."

"कोणी नेमलं?"

"कंपनीनं. सत्त्यान्नव."

"हुकूम उठलाय," पाहुण्यांसाठी आज गाडीत बसलेले डॉक्टर धापा टाकत मागून आले आणि म्हणाले. "पत्र आहे ना. याला मिळालंय ते."

"भेटलं जी," सोमा म्हणाला. कोटातून त्यानं माझा कागद काढला आणि मॅडमच्या हातात दिला. "पन ह्या कागदाले नंबर नाही."

त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. कंपनीत कोणताही हुकूम आला, तोंडी येवो की लेखी, त्याच्याखाली एक खासगी नंबर असायचा. नंबरांची यादी मोहरबंद, ज्याची त्याच्याजवळ. सही कोणीही करू शकतो. शिक्का कोणीही मारू शकतो. नंबर नाही तर हुकूम नाही.

"मले वाटलं, बाकी सारं इतकं बरोबर हाय," तो म्हणाला, "कंपनीचा कागद इतका बरोबर कधीच नसे. म्हनून आलो."

मॅडमनी कागद वाचला. मग मान वर न करता विचारलं, "हा तुम्हाला कोणी आणून दिला?"

सोमानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दोर वळताना पाहत होता तसंच.

"टपालानं आला."

"यावर टपालाचा शिक्का नाही."

"म्हनूनच त मले शंका आली जी."

इंजिनातून वाफ सुटत होती. मग सोमा म्हणाला, "काच पाहून घ्या बाई," आणि पुलाच्या कडेनं खाली उतरू लागला. आम्ही मागोमाग गेलो.

खांबाच्या तड्यावर आडवी काचेची पट्टी चुन्यानं बसवलेली होती, हाताच्या बोटाएवढी. तडा वाढला तर काच तडकते, बस एवढंच काम तिचं. सोमानं वही उघडून दाखवली. दर रविवारी दोन सह्या झनकलालच्या, आणि पुढच्या रकान्यात सोमाच्या अक्षरात: 'गाडी वरून गेली. काच शाबूत.' गाडी पुलावरून जायची तेव्हा तो खाली उभा राहून ती काच बघायचा. इतके रविवार मी त्याच्या डोक्यावरून गेलो होतो.

काचेचे दोन तुकडे झाले होते. मधल्या फटीत मॅडमनी पेन्सिल घातली. ती आत गेली आणि आतच राहिली.

"काल सांजच्याले शाबूत होती," सोमा म्हणाला. "सकाळी आलो त अशी."

प्रवाशांना गाडी मागं का जाते हे सांगितलं नाही. मी शेवटच्या डब्यात, म्हणजे आता पहिल्या, हिरवा झेंडा घेऊन उभा राहिलो आणि आम्ही उलटे सालेबर्डीला गेलो. उतरताना माझी टोपी मॅडमनी माझ्या हातात दिली.

परवाना मिळाला. पूल नंबर सातपर्यंतच. अट एकच होती: गार्ड आणि ड्रायव्हर या दोघांच्या जर्नलांऐवजी फ्लॅगमनच्या वहीची प्रत दर महिन्याला खात्याकडे पाठवावी. माझ्या कागदाचा खुलासा कोणी मागितला नाही. तो सोमानं मॅडमकडून परत मागून घेतला होता, आपल्या वहीतला आहे असं सांगून.

पुढची दोन वर्षं गाडी दर रविवारी पुलापर्यंत जायची आणि परतायची. पुलावर ती थांबली की मी उतरून इंजिनापर्यंत चालत जाई. डबा सोडायचा नसतो हे मला ठाऊक होतं. झनकलाल सही करायचा, चहाचा डबा द्यायचा. मग सोमा माझ्याकडे वळून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता विचारायचा, "गार्डसाहेब, नंबर आला का जी?"

"नाही आला."

"मंग थांबा."

झनकलालनं त्या दिवसाबद्दल मला कधी काही विचारलं नाही. तोही आता टिपत असावा.

दोन हजार चौदाच्या डिसेंबरात पुलाचं काम पुरं झालं. खात्याचं पत्र आलं, हुकूम उठल्याचं, खरं. बेहेरे मॅडमनी त्याखाली स्वतःच्या हातानं एक आकडा लिहिला होता: एकतीस. पत्र डॉक्टरांच्या नावानं, पण सोबत चिठ्ठी होती की फ्लॅगमनला ते गार्डनंच नेऊन द्यावं.

सोमा अंगणातच होता. हात धोतराला पुसून त्यानं कागद घेतला, उलटला, उन्हात धरला. आकड्यावर बोट ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग वही आणून नंबर लिहिला, वेळ लिहिली आणि लाल झेंड्याची बारीक घडी करून वहीवर ठेवली.

"झालं," मी म्हणालो.

"थांबा."

त्यानं वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथं माझा कागद होता, चहाच्या रंगाचा, घडीवर झिजलेला. त्यानं तो माझ्यापुढे धरला.

"हे तुमचं. जमा करून घ्या. पोचपावती राह्यली होती."

वहीत त्यानं एक ओळ आखली आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: 'खोटा हुकूम, नग एक. ज्याचा त्याला परत दिला.' मग पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली.

सोमानं वही उचलली, उन्हात नेली आणि माझी सही डोळ्यांशी धरून दोनदा पाहिली.